मुळांतलं बिऱ्हाड

बावीस वर्षं दुधातले जंतू मारण्यात घालवल्यावर तिला जंतू जगवायची नोकरी लागली. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा आणि दिवसभर मुलांच्या कलकलाटात राहून त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची खोड लागली होती. नेमणुकीचं पत्र वाचून तो म्हणाला, म्हणजे आता हवालदाराने चोर पाळायचे.

दुधाच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि तपासणीच्या खोलीत सहा माणसांऐवजी दोघं पुरेशी झाली. उरलेल्या चौघांत तिचा नंबर लागला. दोन महिने तिने घरात काढले. त्या दोन महिन्यांत स्वयंपाकघरातली फडताळं तिने तीनदा पुसून घेतली, तेव्हा नवऱ्यानेच झाडांच्या संशोधन संस्थेची जाहिरात समोर आणून ठेवली. तिथल्या प्रयोगशाळेला हात स्वच्छ असलेलं आणि घाई न करणारं माणूस हवं होतं. तिचे हात इतके स्वच्छ की घासूनघासून बोटांवरच्या रेषा फिकट झालेल्या. पहिल्या आठवड्यातच संस्थेत तिचं नाव दूधताई पडलं आणि ते तिने बिनतक्रार स्वीकारलं.

एक गोष्ट मात्र तिने मुलाखतीत सांगितली नव्हती. या संस्थेची रोपवाटिका तिच्या वडिलांनी तेहतीस वर्षं सांभाळली होती. लहानपणी ती इथल्याच कुंड्यांच्या रांगांमधून पळापळी खेळली होती. मुलाखत घेणाऱ्यांपेक्षा तिलाच इथल्या वाटा जास्त माहीत होत्या. पण वशिल्याने आली असं कुणी म्हणू नये म्हणून ती गप्प राहिली, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं.

वडिलांना सगळे वाफेवाले अण्णा म्हणत. त्यामागची हकीगत रोपवाटिकेत नव्याने आलेल्या माणसालाही पहिल्याच दिवशी कळायची. अण्णा तिशीचे असताना एका हंगामात रोपांना कूज लागली. देठ मातीलगत काळे पडत, मऊ होत, आणि सकाळी पाहावं तर रांगच्या रांग आडवी झालेली असे. नऊ हजार रोपं गेली. तेव्हा अण्णांनी बंद पडलेल्या एका धुलाई कारखान्यातून जुना बॉयलर मिळवला, त्याला नळ्या जोडल्या, मातीचे ढीग ताडपत्रीखाली झाकले आणि त्यांत दोन-दोन तास वाफ सोडली. कूज गेली ती गेलीच. तेव्हापासून वाफ न दिलेल्या मातीत एक बी पडलं नाही. लांबलांबच्या रोपवाटिकांतून माणसं बघायला येऊन गेली. कचेरीच्या बोळात त्या काळातला फोटो होता. बॉयलरवर हात ठेवून तरुण अण्णा उभे, जणू नवरदेवाचा पाठराखा.

आता अण्णा शहात्तर वर्षांचे होते. पत्नी गेल्यापासून ते लेकीकडे मागच्या खोलीत राहत. आपला कप आपण धूत, नळही पुसून ठेवत. लेक संस्थेत लागल्याचा त्यांना झालेला आनंद त्यांनी बोलून दाखवला नाही. फक्त रोज संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच ते विचारत, "हट्टी काय म्हणतोय?"

हट्टी हे झाडाचं नाव. पुस्तकात त्याला लांबलचक, जीभ अडखळेल असं नाव होतं, पण रोपवाटिकेत ते कुणी घेत नसे. संस्थेच्या मागच्या डोंगरावर, पांढऱ्या दगडांच्या एका उतारावर, त्याची एक्केचाळीस झाडं उभी होती. जगात तेवढीच. राखेच्या रंगाची साल, बोटाच्या पेराएवढी जाड पानं, चपटी शेंग. उतारावर नवं रोप आलंच तर ते वीतभर व्हायच्या आत हरणं खाऊन टाकत. म्हणून बिया गोळा करून रोपवाटिकेत लावायच्या आणि रोप मोठं झाल्यावर वर नेऊन जगवायचं, असा बेत वर्षानुवर्षं चालला होता. बी रुजायचं झकास. पहिल्या वर्षी रोपं अशी टवटवीत असत की पाहुणे फोटो काढत. दुसऱ्या वर्षी पानं कडेने पिवळी पडायला लागत, शेंड्याची वाढ थांबे, आणि एकेक रोप मान टाकी. दर दोन-तीन वर्षांनी नवा शास्त्रज्ञ येई, खत बदले, पाणी बदले, सावली कमीजास्त करी आणि हात टेकून निघून जाई. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मनात ही एकच गोष्ट सलत राहिली होती. बियांतच दम नाही, असं ते म्हणत.

या खेपेला झाडाच्या मागे लागलेल्या होत्या डॉक्टरबाई. वय चौतिशीचं, चालणं पळाल्यासारखं, आणि चहा हमखास थंड झाल्यावर आठवायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी दूधताईला समोर बसवून कामाचा अर्थ समजावला. जंगलातल्या झाडांच्या मुळांत जंतू राहतात, हे ताईलाही ऐकून माहीत होतं. पण ते मुळांवर, मातीत, असं तिला वाटत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की काही जंतू मुळाच्या आत, पेशींच्या फटींमध्ये बिऱ्हाड करून राहतात. झाडाला त्यांचा त्रास होत नाही. उलट काही जातीचे जंतू मातीतून झाडाला खाऊ मिळवून देतात, काही रोगाला दारातच अडवतात. हट्टीच्या मुळांत असं कुणी असेल का, हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. पाहायची परवानगीही मोजकीच होती. वर्षातून एकदा, पाच झाडांचं प्रत्येकी बोटभर मूळ.

काम हातखंड्याचं होतं. मूळ धुवायचं, मिनिटभर स्पिरिटमध्ये बुडवायचं, तीन मिनिटं ब्लीचच्या पाण्यात, मग उकळून निवलेल्या पाण्याने पाच वेळा खळाळायचं. बाहेरचा एकही जंतू उरता कामा नये. पाचव्या वेळचं पाणीसुद्धा एका वेगळ्या प्लेटवर पसरून ठेवायचं. ती प्लेट कोरी राहिली तर समजायचं की मुळाचा बाहेरून कसून सफाया झालाय. मग ते मूळ कुटायचं आणि त्याचा रस दुसऱ्या प्लेटवर पसरायचा. तिथे जे उगवेल ते आतलंच असणार. प्लेटमध्ये जेलीसारखा थर असतो, त्यात जंतूंचं खाणं कालवलेलं असतं. जंतू ते खाऊन वाढतात आणि त्यांचे ठिपके डोळ्यांना दिसू लागतात.

ताईने सगळं शिकवल्याबरहुकूम केलं. दुधाच्या कारखान्यात तिसऱ्या दिवशी प्लेट बघून फेकायचा शिरस्ता होता. इथे ती सात दिवस थांबली. प्लेटा कोऱ्याच्या कोऱ्या. त्या दिवशी डॉक्टरबाईंचं चालणं जरा मंदावलं.

मुळांचे थोडे तुकडे थंडीच्या कपाटात उरले होते. ताई त्या आठवड्यात डोंगरावर जाऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ज्याच्या घरच्या माणसांची आपण चौकशी करतोय त्याचं घर तरी बघावं, असं तिला वाटलं. उतारावर माती म्हणावी अशी नव्हतीच. पांढऱ्या दगडांच्या सांदीत मूठ-मूठ धूळ, तीही कोरडी. ती एका झाडाखाली बसली आणि तिला आपल्या प्लेटा आठवल्या. कारखान्यातल्या सवयीने तिने भरपूर साय-साखर घालावी तसा दणदणीत थर बनवला होता. दुधातले जंतू खाऊनपिऊन सुखी, त्यांना तो मानवतो. इथली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेली. त्यांच्यापुढे एवढं ताट मांडलं तर त्यांना अजीर्णच व्हायचं.

तिने डॉक्टरबाईंना विचारून खाणं दहापट पातळ केलं. काही प्लेटांत शंभरपट. आणि थांबायचं ठरवलं. थांबणं मात्र अवघड गेलं. चौथ्या दिवसापासून त्या कोऱ्या प्लेटा फेकायला तिचे हात शिवशिवू लागले. बारावा दिवस गेला, पंधरावा गेला. प्रयोगशाळा झाडणारी बाई रोज विचारायची, या ठेवू का टाकू, आणि ताई रोज म्हणायची, राहू देत.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिने एक प्लेट खिडकीशी तिरकी धरली. सुईच्या टोकाएवढे ठिपके होते. नखाच्या मुळाशी असतो तसा फिकट रंग. तिने दुसरी प्लेट घेतली, तिसरी घेतली. पाचही झाडांच्या, शंभरपट पातळ खाण्याच्या प्लेटांवर तेच ठिपके. पाचव्या पाण्याची प्लेट अजून कोरी होती. ती लगेच कुणाकडे गेली नाही. आधी हात धुतले, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं बघितलं. तासाभराने ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. त्या फोनवर होत्या. त्यांनी प्लेट भिंगाखाली धरली, बोलणं अर्धवट सोडून फोन बंद केला आणि खुर्चीत बसल्या. नुकताच आलेला चहा त्यांनी त्या दिवशी गरम असताना संपवला.

मग साहजिक प्रश्न आला. रोपवाटिकेतल्या रोपांच्या मुळांत हे आहेत का? ताईने वीस रोपांची मुळं तपासली. चांगले चोवीस दिवस थांबली. एकाही मुळात काही नव्हतं. पहिल्या वर्षाच्या टवटवीत रोपांतही नाही, दुसऱ्या वर्षाच्या पिवळ्या पडलेल्यांतही नाही.

डॉक्टरबाई बोलताबोलता म्हणाल्या, "असणार कसे? आपण मातीला वाफ देतो ना. ज्या घरात कुणी राहतच नाही तिथे शेजारी कुठून यायचे? बियातल्या शिदोरीवर वर्षभर रेटतात आणि मग संपतात. कितीतरी वर्षांपासून ही वाफ चालू आहे."

ताईने मान हलवली. बाहेर बोळात अण्णा बॉयलरवर हात ठेवून उभे होते. त्यांच्यावरून पुढे जाताना तिने त्या भिंतीकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी अण्णांनी नेहमीसारखं विचारलं. ती म्हणाली, काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. असं सलग आठ दिवस चाललं. नवऱ्याला तिने सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, सांगूच नकोस, या वयात कशाला. मग थोड्या वेळाने तोच म्हणाला, की दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त वाईट. तेवढं त्याचं बोलणं तिला पटलं.

रविवारी सकाळी अण्णा गॅलरीत वर्तमानपत्र पसरून कसल्याशा बिया निवडत बसले होते. ती शेजारी जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. प्लेटा, ठिपके, वीस रोपं. वाफेपाशी येऊन ती थांबली. अण्णा तिच्याकडे न बघता बिया निवडत होते. मग त्यांचा हात थांबला.

"वाफेने जातात ते?"

"हो."

"सगळ्या वर्षांतली रोपं?"

"वाफ सुरू झाल्यानंतरची सगळी, अण्णा."

"म्हणजे मीच मारली."

"तुम्ही बाकीची हजारो रोपं दरवर्षी वाचवलीत. वाफ नसती तर रोपवाटिकाच उरली नसती."

"ते मी विचारलं नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी निवडलेल्या आणि न निवडलेल्या बिया एकत्र केल्या, कागदाची पुडी बांधली आणि खोलीत गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. नवऱ्याच्या ओठांवर काहीतरी गमतीचं आलं होतं, ते त्याने गिळलं आणि ताट झाकून ठेवलं.

सोमवार, मंगळवार अण्णा फारसं बोलले नाहीत. हट्टीबद्दल विचारलंही नाही. ताई कामावरून आली की चपला काढताना क्षणभर थबकायची, आणि आतून काहीच आवाज आला नाही की तिला चुकल्यासारखं वाटायचं. बुधवारी ती आली तेव्हा अण्णा दारातच उभे होते. हातात तपकिरी पुठ्ठ्याची वही होती. संस्थेच्या नोंदवहीत साहेबांना दाखवायचं तेवढं लिहायचे, आणि या वहीत जे झालं ते लिहायचे, असं त्यांनी सांगितलं. ते इतक्या सरळपणे म्हणाले की तिला हसू आलं.

त्यांनी एक पान उघडलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं. बॉयलरची झडप तडकली होती आणि नवी यायला सात आठवडे लागले. नेमक्या त्याच वेळी हट्टीच्या बिया गोळा झाल्या होत्या, आणि त्या पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाहीत. रोपवाटिकेची कच्ची, वाफ न दिलेली माती वापरायची भीती, म्हणून अण्णांनी डोंगरावरच्या झाडांखालून पोती भरून माती आणली आणि वाफेविना दोनशे चाळीस कुंड्या भरल्या. त्यांच्याच नियमाविरुद्ध. तीन महिन्यांत कूज लागलीच. दोनशे चौदा रोपं गेली. उरलेली सव्वीस त्यांनी शेडच्या मागे लपवली, इतरांना लागण व्हायला नको आणि साहेबांच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. दुसरं वर्ष संपता संपता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातून कुंपणाच्या भिंतीलगत लावायला झाडं मागितली गेली. अण्णांनी ती सव्वीस रोपं मिश्र रोपांच्या नावाखाली पाठवून दिली आणि सुटलो म्हणाले.

"दुसऱ्या वर्षाअखेर ती जिवंत होती?" ताईने विचारलं.

"होती म्हणून तर पाठवली."

"आणि तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?"

अण्णांनी वही मिटली. मग म्हणाले, "वाटलं असेल. पण ती माझी चुकीची रोपं होती. चुकीकडे कोण बघत बसतं? पुढे तिकडे बघायलाही गेलो नाही. मेलीच असतील, म्हटलं."

शनिवारी शाळेला सुट्टी होती. नवऱ्याने बस धुवायला न्यायची म्हणून काढली आणि वाटेत हे दोघं चढले. चाळीस मुलांच्या त्या बसमध्ये तिघंच जण. अण्णा पहिल्या बाकावर मांडीवर वही ठेवून ताठ बसले होते. बस कुठे वळली, कुठे थांबली, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. नवऱ्याने आरशातून दोनदा त्यांच्याकडे बघितलं आणि बस जरा हळू घेतली.

केंद्राच्या रखवालदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या. झाडं बघायला आलोय म्हटल्यावर त्याला वाटलं की तक्रारीवरून कुणीतरी आलंय. तो त्यांना आत घेऊन गेला आणि चालताचालता सांगू लागला, की त्या भुऱ्या झाडांची पानं वाऱ्याने टाक्यांत पडतात, जाळ्या साफ करून माणसं कंटाळली आहेत, पुढच्या महिन्यात दोन तरी तोडायची असं चाललंय. गोल टाक्यांना वळसा घातला आणि ती भिंत दिसली.

भिंतीलगत चौदा झाडं एका रांगेत उभी होती. तीन पुरुष उंच, राखेच्या रंगाची, जाड पानांची. मध्ये काही जागा रिकाम्या होत्या, पण जी होती ती भक्कम होती. एकाच्या फांदीला कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

अण्णा पहिल्या झाडापासून पुढच्या झाडापर्यंत पावलं मोजत गेले. "दहा फूट," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्यांना, दहा फुटांवर लावा." मग त्यांनी तो टॉवेल काढून नीट घडी घातला, रखवालदाराच्या हातात दिला आणि टाकीच्या कठड्यावर बसले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. ताई शेजारी बसली. रखवालदाराला काही उमगेना. नवरा त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावू लागला, की बाबा, यातलं एकही तोडू नकोस, जगात यांची एक्केचाळीसच भावंडं आहेत.

सोमवारी ताईने डॉक्टरबाईंना आधी झाडांचं सांगितलं आणि मग आपलं. बोळातल्या फोटोतले ते माझे वडील, असं ती म्हणाली. मुलाखतीत सांगायला हवं होतं, तेव्हा सांगितलं नाही, असंही म्हणाली. डॉक्टरबाईंनी समोरचे कागद उगाच सरळ केले. बहुधा वाफेबद्दल आपण काय काय बोललो ते आठवत असाव्यात. मग त्यांनी एवढंच विचारलं, की अण्णा इथे यायला तयार होतील का.

चौदा झाडांच्या मुळांचे तुकडे आले. या वेळी ताईने प्लेटांकडे रोज बघायचं सोडून दिलं. एकोणिसाव्या दिवशी ठिपके तिथे होते. झाडांच्या यादीतला एक्केचाळीसचा आकडा खोडून पंचावन्न लिहिला गेला. केंद्राच्या माणसांनी टाक्यांवर आणखी एक जाळी बसवायचं कबूल केलं आणि तोडण्याची गोष्ट तिथेच मिटली.

अण्णा आले. सोळा वर्षांनी त्या फाटकातून आत शिरताना त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि ताईचा हात धरायला नकार दिला होता. डॉक्टरबाईंचा विचार असा होता की आता वाफ बंद करावी आणि हट्टीला डोंगरावरची कच्ची माती द्यावी. अण्णांनी वही पुढे सरकवली आणि दोनशे चौदावर बोट ठेवलं. म्हणाले, कच्च्या मातीत तुमचे मित्र येतील तसे शत्रूही येतील. वाफ बंद करू नका. वाफ द्या, घर झाडूनपुसून रिकामं करा आणि मग यांना तेवढं आत सोडा. डॉक्टरबाईंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

मग प्रयोग ठरला. साठ रोपं वाफेच्या मातीत, जशी आजवर लावत तशी. साठांना वाफेची माती आणि वर ताईने वाढवलेल्या जंतूंचं गढूळ पाणी, दोन-दोन चमचे. साठांना तेच पाणी, पण उकळून जंतू मारलेलं, म्हणजे गुण पाण्याचा की जिवंत जंतूंचा हे कळावं. आणि साठ डोंगरावरच्या कच्च्या मातीत. ही शेवटची साठ अण्णांच्या आग्रहाखातर. वहीतलं खरं की खोटं ते परत एकदा दिसू दे, असं ते म्हणाले.

दोन वर्षं लागली. ताईच्या नोकरीतली ही दोन वर्षं बाहेरून बघणाऱ्याला रिकामीच वाटली असती. ती पाण्याच्या बाटल्यांवर तारखा लिही, मुळांचे तुकडे तपासी, आणि दर मंगळवारी अण्णांना बरोबर घेऊन येई. अण्णा कुंड्यांच्या रांगांमधून एकेका रोपापाशी थांबत जात. पहिल्या वर्षी कच्च्या मातीतली बरीच रोपं कुजून गेली, बाकी सगळी टवटवीत. दुसऱ्या वर्षी दोन गटांतली पानं कडेने पिवळी पडू लागली. ती पिवळी पानं बघताना अण्णांचा चेहरा ओढला जाई, पण ते एकही रोप बघायचं टाळत नसत. जंतूंचं पाणी मिळालेली रांग हिरवी राहिली. शेवटी मोजदाद झाली तेव्हा नुसत्या वाफेच्या मातीतली तीन रोपं जिवंत होती, उकळलेल्या पाण्याची चार, कच्च्या मातीतली नऊ. जिवंत जंतूंची सत्तेचाळीस.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा डॉक्टरबाई वाफेच्या परिच्छेदापाशी अडल्या. त्यांनी तीन वेळा लिहून खोडलं आणि अखेर ताईला म्हणाल्या, की हे त्यांनाच विचारून या. ताईने घरी विचारलं. अण्णा आपला कप धूत होते.

"लिहा की वाफेमुळे मेली," ते म्हणाले. "गोलगोल लिहू नका. पुढचा माणूस फसेल. आणि हेही लिहा, की बॉयलर सात आठवडे बंद होता म्हणून कळलं."

"नाव घालू का तुमचं?"

"हुद्दा घाला. मुख्य माळी." कप पालथा घालत ते म्हणाले, "वही वाचता येते का विचार त्यांना. अक्षर जरा गिचमिड आहे."

सत्तेचाळीस रोपं डोंगरावर गेली ती दोन दिवसांच्या चढ-उतारात, एकेकाकडे तीन-तीन कुंड्या अशी. उतारावर हरणांसाठी तारेचं कुंपण घातलं होतं. अण्णांना चढण झेपणारी नव्हती, म्हणून ते खाली रोपवाटिकेतच थांबले आणि निघणाऱ्या प्रत्येकाला, कुंडी कशी धरायची, ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. लोक हसले, पण धरली त्यांनी सांगितली तशीच.

वर्षभराने ताई मोजणीला वर गेली. पानं जाड झाली होती, काहींच्या शेंड्याला तांबूस कोंब होते. तिने एका रोपाच्या बुंध्याजवळ जरा माती उकरली, कोवळं मूळ बघितलं आणि पुन्हा झाकलं. तोडून तपासायचं काम नंतर रीतसर होणार होतं. आज तिला नुसतं बघायचं होतं.

घरी आल्यावर तिने अण्णांना सांगितलं, चव्वेचाळीस आहेत.

"आणि तीन?"

"दोन वाळली. एकाचं मूळ साळिंदराने उकरून खाल्लं."

नवरा म्हणाला, चव्वेचाळीसचं कौतुक राहिलं बाजूला, यांना तिघांचीच पडलीय. अण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. साळिंदर नेमकं कुठल्या बाजूने उकरतं, उताराच्या खालच्या की वरच्या, असं त्यांनी ताईला विचारलं. वरच्या, ती म्हणाली. मग बुंध्याभोवती चपटे दगड रचायला हवेत, एकावर एक नाही, एकात एक अडकवून, म्हणजे त्याच्या नखाला फट सापडत नाही, असं त्यांनी हातांनी हवेत करून दाखवलं. तिला ते नीटसं कळलं नाही. तेव्हा मंगळवारी त्यांनी संस्थेतल्या माळ्यांना अंगणात गोळा केलं, पाण्याच्या पिंपाखालचे दगड काढायला लावले आणि ऊन तापेपर्यंत एका रिकाम्या कुंडीभोवती ते रचून दाखवत राहिले.